बटण कोणते, आणि ते का?

विशेष शिक्षकांना वर्गातील तंत्रज्ञान शिकवायचे म्हटले, की चर्चा बहुतेक वेळा यादीपाशी येऊन थांबते. किती श्रवणयंत्रे वाटली, किती टॅबलेट आले, किती शिक्षकांचे प्रशिक्षण 'पूर्ण' झाले. यादी हवीच, साधनच हाती नसेल तर पुढचे सगळे बोलणे फुकट. पण या यादीत एक रकाना नसतो. हे साधन कसे चालते, आणि ते चालत नसेल तर ओळखायचे कसे, हे शिक्षकाला कळले का? मी वर्धा जिल्ह्यात विशेष शिक्षिका म्हणून काम करते आणि अशा बऱ्याच प्रशिक्षणांना बसले आहे. या लेखात त्या नसलेल्या रकान्याबद्दल लिहायचे आहे. ही तपासणी कोणा एका संस्थेची नाही. सगळीकडे रुळलेल्या एका पद्धतीची आहे.

ती पद्धत वाचकांच्या ओळखीची असेल. पडद्यावर साधनाचे चित्र येते. हे चालू करण्याचे बटण, हे आवाज वाढवण्याचे, इथे चार्जर लावायचा. मग प्रत्येक जण एकदा हाताळून पाहतो, उपस्थितीच्या कागदावर सही होते आणि प्रमाणपत्र मिळते. यात खोटे काही नसते. पण बटण कोणते हे कळले म्हणजे साधन कळले, असे यात गृहीत धरलेले असते. ते तपासून पाहू.

वर्ध्याचीच एक कसोटी

तपासायला कसोटी हवी, आणि ती आणायला फार लांब जावे लागत नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष होते. परिषदेने नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद डॉ. झाकीर हुसेन यांच्याकडे होते आणि त्या समितीच्या अहवालातून पुढे 'वर्धा योजना' किंवा नई तालीम ओळखली जाऊ लागली. या योजनेचे नाव निघाले की लोकांना टकळी आठवते. पण परिषदेच्या आधीच, जुलै १९३७ मध्ये, गांधीजींनी 'हरिजन'मध्ये लिहिताना एक अट घातली होती : हस्तव्यवसाय यांत्रिकपणे शिकवायचा नाही, तो शास्त्रीय रीतीने शिकवायचा, प्रत्येक क्रियेचे 'का' आणि 'कशासाठी' मुलाला कळले पाहिजे.

ही अट टकळीला लावून पाहा. पीळ दिल्यावर सुटे तंतू एकमेकांना का धरून राहतात? चकती जड केली तर सुताचे काय होते? पीळ जास्त झाला तर सुताला वेढे का पडतात? कापसाच्या या मुलखात, हिंगणघाट-पुलगावच्या परिसरात वाढलेल्या मुलाला हे प्रश्न परके नाहीत. त्यांची उत्तरे शोधता शोधता घर्षण, वजन, फिरण्याची गती हे सारे वर्गात येते. ज्याला हे कळले, त्याचे सूत तुटले तर ते का तुटले हेही तो सांगू शकतो.

परंपरेचा उल्लेख केला म्हणून तिचे कौतुकच करायला हवे असे नाही. पुढे अनेक बुनियादी शाळांत टकळी राहिली आणि 'का' गळून पडला. किती गुंड्या सूत निघाले याची नोंद म्हणजेच तास, असे झाले. म्हणजे साधन साधे, स्वस्त आणि गावात तयार होणारे असले तरी ते आपोआप शिकवत नाही. आज टॅबलेटबद्दल जे म्हणावे लागते, ते तेव्हा टकळीबद्दलही खरे होते. कसोटी मात्र टिकून आहे. तीच आपल्या प्रशिक्षणांना लावू.

पदवी एकाची, काम एकवीसांचे

त्याआधी विशेष शिक्षकाची परिस्थिती लक्षात घ्यावी लागेल. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ते २१ झाले. आपल्यापैकी बहुतेकांची पदवी किंवा पदविका मात्र एकाच प्रकारातली असते : कोणाची कर्णबधिरांसाठी, कोणाची अंधांसाठी, कोणाची बौद्धिक दिव्यांगांसाठी. सर्वसामान्य शाळांमधून फिरणाऱ्या शिक्षकाला तर आठवड्यात हे सगळेच भेटतात. आर्वी, आष्टी, कारंजा किंवा समुद्रपूर तालुक्यातल्या एखाद्या शाळेत तो एक दिवस पोचतो. बाकीचे दिवस मूल वर्गशिक्षकाच्या हाती असते. म्हणजे ज्या साधनाचे शिक्षण आपल्या पदवीत नव्हते ते स्वतः समजून घ्यायचे, आणि ज्याने प्रशिक्षणाचे तोंडही पाहिलेले नाही अशा वर्गशिक्षकाला ते समजावून द्यायचे, असे हे दुहेरी काम आहे. बटणांची माहिती या कामाला पुरत नाही. दोन उदाहरणे घेऊन पाहू.

पहिले उदाहरण : श्रवणयंत्र

अनेक साध्या श्रवणयंत्रांवर एक छोटा स्विच असतो आणि त्यावर इंग्रजी ओ, टी आणि एम ही अक्षरे असतात. प्रशिक्षणात सांगतात, 'एमवर ठेवा.' बरोबर आहे. पण टी कशासाठी आहे? एमवर यंत्राचा मायक्रोफोन चालू असतो. टीवर मायक्रोफोन बंद होतो आणि आतली तारेची एक बारीक गुंडाळी काम करू लागते. टेलिफोनमधून किंवा खोलीभोवती फिरवलेल्या खास तारेतून निघणाऱ्या चुंबकीय बदलांचे ती विद्युत संदेशात रूपांतर करते. साध्या वर्गात अशी तार नसते. तेव्हा दप्तरात ढकलताना स्विच टीवर सरकला, तर यंत्र चालू आहे, सेल चांगला आहे, यंत्र कानाला आहे, आणि मुलाला बाईंचा शब्दही ऐकू येत नाही. ऐकू आलीच तर आसपासच्या विजेच्या तारांची घरघर. ज्याला टीचे काम माहीत आहे तो हा दोष क्षणात ओळखतो. ज्याला फक्त 'एमवर ठेवा' एवढेच माहीत आहे, त्याला स्विचकडे पाहायचे सुचेलच असे नाही.

आता याहून अवघड गोष्ट. एका प्रशिक्षणात माझ्या शेजारच्या शिक्षिकेने विचारले होते, 'वर्गात पंखे लागले की आमचा मुलगा मशीन काढून खिशात ठेवतो. काय करावे?' उत्तर मिळाले, 'सवय लावा.' मुलाच्या वागण्यामागे साधे भौतिकशास्त्र असू शकते, हा विचार त्या उत्तरात नव्हता.

मोकळ्या जागेत बोलणाऱ्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबेलने उतरते. समजा, शिक्षिकेचा आवाज १ मीटरवर ६५ डेसिबेल आहे. २ मीटरवर तो ५९ होईल आणि ४ मीटरवर, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या बाकापाशी, ५३. समजा, पंखे आणि मुलांची कुजबुज मिळून वर्गातला गोंगाट ५५ डेसिबेल आहे. म्हणजे त्या बाकावर शिक्षिकेचा आवाज गोंगाटाच्या खाली गेला. श्रवणयंत्राने दोन्ही ४० डेसिबेलने वाढवले तर ९३ आणि ९५ झाले. आवाज मोठा झाला, फरक तेवढाच राहिला. यंत्राने बोलणे वाढवले तसा पंखाही वाढवला. हल्लीची डिजिटल यंत्रे गोंगाट काही प्रमाणात दाबतात, पण अंतराने झालेले नुकसान पूर्ण भरून काढत नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे पंखा बंद ठेवून वर्ग चालवणे कोणाला शक्य नाही. अशा वेळी यंत्र काढून ठेवणारा मुलगा हट्टी नसतो. त्याला शब्द मिळतच नाहीत, नुसता कल्लोळ मिळतो.

खोलीत आणखी एक भर पडते. उघड्या भिंती, शहाबादी फरशी आणि पत्र्याचे छप्पर आवाज परत फेकतात, आणि आधीच्या शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर पडते. त्यातही बोलण्यातले स्वर जोरकस असतात. स, श, त यांसारखी व्यंजने क्षीण आणि उच्च कंप्रतेची असतात. ती आधी हरवतात. 'सात' मधला स गेला की 'आत' उरते. 'सात आणि तीन किती?' या प्रश्नाला मूल गप्प राहिले, तर त्याला बेरीज येत नाही असे म्हणण्याआधी त्याला 'सात' ऐकू आले का, हे पाहायला हवे.

एवढे कळले की उपाय दिसू लागतात, आणि त्यांतले बरेचसे बिनखर्चाचे आहेत. मुलाला पुढे, पंख्याच्या आवाजापासून दूर बसवावे. जमिनीवर सतरंजी, भिंतीवर कापडी फलक लावावा. बाकांच्या पायांना जुन्या ट्यूबच्या रबराचे तुकडे बसवावेत. शिक्षकाच्या गळ्यातल्या मायक्रोफोनमधून थेट यंत्रात आवाज पोचवणारी व्यवस्था मिळाली तर तिचे महत्त्वही मग समजते. तोंडापासून १५ सेंटिमीटरवरच्या मायक्रोफोनला तोच आवाज सुमारे ८१ डेसिबेल मिळतो, म्हणजे गोंगाटापेक्षा २६ ने वर. ती व्यवस्था महाग असली तरी तिने केलेले काम अगदी साधे आहे : तिने अंतर मिटवले.

यंत्र शिट्टी वाजवते, ही नेहमीची तक्रार घ्या. वर्गशिक्षक काय करतो? आवाज कमी करतो. शिट्टी थांबते आणि मुलाचे ऐकणेही. शिट्टीचे कारण बहुधा असे असते की कानातला साचा सैल झालेला असतो. मूल वाढते तसा कान वाढतो, फटीतून आवाज बाहेर येतो, पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो, पुन्हा वाढतो. सभेत लाउडस्पीकरसमोर माइक धरल्यावर जे होते तेच. उपाय आहे नवा साचा. कानामागच्या यंत्राचा झिंक-एअर सेलही असाच. त्याच्यावरचा चिकट कागद काढल्यावर हवा आत जाते आणि रासायनिक क्रिया सुरू होते. म्हणून कागद काढून मिनिटभर थांबायचे आणि मग सेल बसवायचा. एकदा काढलेला कागद परत चिकटवून सेल 'वाचवता' येत नाही.

शेवटी, कोणतेही उपकरण न लागणारी एक तपासणी सांगते. डॅनिएल लिंग या कर्णबधिरांच्या शिक्षणातील तज्ज्ञाने ती रूढ केली. मुलाच्या मागे उभे राहून आ, ई, ऊ, म, श, स हे सहा ध्वनी एकेक करून म्हणायचे. मुलाने ऐकू आल्याची खूण करायची किंवा तो ध्वनी परत म्हणायचा. ऊ आणि म हे खालच्या कंप्रतेचे, श आणि स हे वरच्या. बोलण्याचा जवळजवळ सारा पट्टा यात येतो. काल ऐकू आलेला स आज आला नाही, तर काहीतरी बिघडले आहे. रोज सकाळी एक मिनिट. वर्गशिक्षकाला हे शिकवायला पाच मिनिटे पुरतात.

दुसरे उदाहरण : एकसारखी दिसणारी तीन पाने

अंध विद्यार्थ्यांसाठी संगणकावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली म्हणजे स्क्रीन रीडर. 'एनव्हीडीए' ही अशी एक मोफत प्रणाली. मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांच्या प्रयत्नातून २००६ पासून ती तयार होत गेली. तिला मराठीही वाचता येते. प्रशिक्षणात ती सुरू कशी करायची, थांबवायची कशी, पुढच्या ओळीवर जायचे कसे, हे शिकवले जाते. मग शिक्षक उत्साहाने शाळेतली प्रश्नपत्रिका उघडतो आणि प्रणाली भलतीच रोमन अक्षरे बडबडू लागते, किंवा काहीच बोलत नाही. निष्कर्ष निघतो : 'याला मराठी नीट येत नाही.'

इथेही 'का' विचारायला हवे. स्क्रीन रीडर आपल्यासारखा आकार पाहत नाही; तो अक्षरामागचा क्रमांक वाचतो. पूर्वीच्या अनेक मराठी फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवरच देवनागरी आकार बसवले होते. डोळ्यांना 'क' दिसतो, पण संगणकाच्या लेखी तिथे कुठले तरी रोमन अक्षर किंवा चिन्ह असते. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की आपल्यालाही अगम्य अक्षरे दिसतात, हा अनुभव प्रत्येक शिक्षकाला आहे. अंध विद्यार्थ्याला ती फाइल नेहमीच तशी 'दिसते'. युनिकोडमध्ये, ज्याची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली, प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. 'क' चा २३२५, ऱ्हस्व वेलांटीचा २३६७. 'कि' लिहिताना वेलांटी डावीकडे दिसते, पण साठवताना आधी क आणि मग वेलांटी, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने. म्हणून ते वाचता येते.

तेव्हा एकच प्रश्नपत्रिका तीन प्रकारांनी असू शकते : छापील कागदाचा फोटो, जुन्या फाँटमधला मजकूर, आणि युनिकोडमधला मजकूर. डोळस शिक्षकाला तिन्ही पाने सारखीच दिसतात. अक्षर ओळखणारी वेगळी प्रणाली जोडली नाही, तर अंध विद्यार्थ्याला पहिले पान कोरे, दुसरे निरर्थक, आणि फक्त तिसरे वाचण्याजोगे. पारख सोपी आहे : एक ओळ उचलून साध्या मजकुराच्या खिडकीत किंवा मोबाइलच्या संदेशात चिकटवा. मराठी राहिली तर ठीक. पीडीएफमधून उचलताना वेलांट्या आणि जोडाक्षरे विस्कटत असतील, तर मूळ फाइल मागवून घ्या.

गंमत म्हणजे, 'जुनाट' म्हणून बाजूला पडणाऱ्या ब्रेल पाटीत हा प्रश्न कधीच सुटला होता. १९५१ मध्ये भारती ब्रेल स्वीकारले गेले. त्यात मराठी, बंगाली, तमिळ अशा वेगवेगळ्या लिपींतल्या 'क' ला एकच खूण आहे, पहिला आणि तिसरा ठिपका. आकार महत्त्वाचा नाही, ध्वनीची ठरलेली खूण महत्त्वाची, हे तत्त्व अंधांच्या शिक्षणात आधीपासून होते. ब्रेल शिकवणाऱ्या शिक्षकाला युनिकोड समजायला म्हणूनच अवघड नाही. त्याला हे नाते दाखवायला हवे.

तीच गोष्ट टेलर पाटीची. तिच्या भोकांना आठ कोन असतात आणि धातूच्या खिळ्याची दोन्ही टोके वेगळी असतात. म्हणून एकाच खिळ्यातून १६ चिन्हे मिळतात. मुख्य म्हणजे हातच्याचा गुणाकार एकाखाली एक मांडता येतो आणि बोटांनी पुन्हा तपासता येतो. स्क्रीन रीडर ओळ वाचतो. उभी मांडणी त्याला तितकी जमत नाही. टॅबलेट आला म्हणून टेलर पाटी कपाटात ठेवायची की नाही, हे साधनाच्या वयावरून ठरत नाही. ते कोणते काम करते, हे पाहून ठरते.

'शिक्षकाला इंजिनिअर करायचे आहे का?'

हा आक्षेप नेहमी येतो आणि तो पोकळ नाही. पंखा कसा फिरतो हे न कळताही आपण पंखा लावतोच. शिक्षकावर आधीच माहिती भरण्याचे आणि अहवालांचे ओझे असते. मग त्याने डेसिबेल आणि क्रमांक का शिकावेत?

याचे उत्तर असे, की पंखा बंद पडला तर सगळ्यांना कळते. श्रवणयंत्र बंद पडले तर ते कोणालाच कळत नाही. दिसते एवढेच, की मूल लक्ष देत नाही. फाइल जुन्या फाँटमध्ये असली तर दिसते एवढेच, की मुलगी प्रश्न न सोडवता बसली आहे. ज्या मुलाने स्पष्ट आवाज कधी ऐकलाच नाही, ते 'आज आवाज अस्पष्ट आहे' अशी तक्रार कशी करणार? विशेष शिक्षणातल्या साधनांचे हे वेगळेपण आहे. साधनाचा दोष मुलाच्या नावावर लिहिला जातो. आणि तो नुसता बोलण्यात राहत नाही. तो प्रगतिपुस्तकात जातो, 'आकलन कमी' असा शेरा होतो, आणि पालक मुलाला शाळेतून काढण्याचा विचार करू लागतात. इंजिनिअर होण्याची गरज नाही. पण दोष यंत्राचा की मुलाचा, हे सांगण्याइतके शास्त्र शिक्षकाला यायलाच हवे. ते दुसरे कोणी सांगणार नाही.

न बोलणाऱ्या मुलांच्या चित्रफलकांबाबतही असेच घडते. फलक कागदी असो की आयआयटी मुंबईत तयार झालेल्या 'जेलो'सारखे ॲप असो, त्यावर पाणी, जेवण, शू एवढीच चित्रे ठेवली, तर मूल फक्त मागण्या करू शकते. 'अजून', 'नको', 'संपले', 'तू', 'का' हे शब्द त्याला दिलेच नाहीत, तर ते प्रश्न विचारत नाही यात नवल काय? इथे यंत्र बिघडलेले नसते. फलक भरणाऱ्याची कल्पना अपुरी असते.

काय बदलता येईल

आजच्या प्रशिक्षणांचे श्रेय नाकारण्याचा हेतू नाही. त्यांच्यामुळेच साधने कपाटातून बाहेर आली आणि अनेक शिक्षकांची भीड चेपली. पण वर्ध्याच्या कसोटीवर ती उतरत नाहीत. क्रिया शिकवली जाते, तिचे कारण राहून जाते. सुधारणेला मोठा निधी लागेल असे वाटत नाही.

एक : प्रशिक्षणाची सुरुवात चालू साधनाने न करता बिघडलेल्या साधनाने करावी. एक यंत्र टीवर ठेवलेले, एकाचा सेल संपलेला, एकाचा साचा मळाने भरलेला. एक फाइल फोटोची, एक जुन्या फाँटमधली. शिक्षकांनी दोन-दोनच्या गटात दोष शोधावा. दोष शोधताना रचना आपोआप कळते. दोन : शेवटी अभिप्रायाचा कागद भरून घेण्याऐवजी प्रत्येकाला एक दोष शोधायला द्यावा. प्रमाणपत्र त्यानंतर. तीन : प्रत्येक साधनाबरोबर वर्गशिक्षकासाठी मराठीत एक पान असावे. 'कसे वापरावे' हे वेष्टनावर असतेच. या पानावर 'चालत नाही हे कसे ओळखावे' एवढेच असावे. चार : महिन्याभराने त्याच शिक्षकांना पुन्हा एकत्र बोलवावे, कारण खरे प्रश्न वर्गात गेल्यावरच पडतात. पंखे लागले की मशीन काढून ठेवणाऱ्या मुलाचा प्रश्न अशाच दुसऱ्या बैठकीला यायला हवा, आणि त्याचे उत्तर 'सवय लावा' असे नसावे.

वाचकांपैकी जे विशेष शिक्षक नाहीत त्यांनाही एक विनंती. आपल्या वर्गात श्रवणयंत्र लावणारे मूल असेल, तर उद्या सकाळी हजेरी घेण्याआधी त्याच्या मागे उभे राहून ते सहा ध्वनी म्हणून पाहा. कोणता ध्वनी चुकला ते लिहून ठेवा. आठवडाभराची ही नोंद फिरत्या शिक्षकाच्या हाती द्या. त्याला त्या एका दिवसात काय करायचे, हे त्यावरून कळेल.